ये म्हणेपर्यंत

कोलशेतला, टॉवरच्या क्लबहाउसमागे
कमरेला लागेल एवढंच निळं पाणी.
शनिवार, सकाळचे साडेनऊ.
सात आया, दोन बाबा, बर्मुडा घातलेले एक आजोबा
आणि दहा पोरं, दहाही रडण्याच्या बेतात.
खरं सांगायचं तर मीही.

दमयंती भोईर म्हणते, आधी फोन कपाटात.
मूल कायम एका हाताच्या अंतरावर.
हात म्हणजे तुमचा, माझा नव्हे.
आणि उतरते पाण्यात, शिट्टीबिट्टी न वाजवता,
आपल्याच स्वयंपाकघरात शिरावं तशी.

रुंजी चौदा महिन्यांची.
तिनं माझा गळा असा आवळलाय
की काळे मणी एकेक मोजून घ्यावेत कातडीवरून.
"ताई, खांदे खाली."
"तिचे?"
"तुमचे. ती पाण्याला अजून घाबरलीच नाहीये,
ती तुम्हाला वाचतेय."

काय वाचत असेल?
जुन्नरकडची आमची विहीर,
मे महिन्यात वरून धबाधब पडणारे चुलतभाऊ,
आणि कठड्याशी मी, त्यांच्या कपड्यांच्या राखणीला.
पाच उन्हाळे राखले.
एक बनियन हरवू दिला नाही.
एकदाही भिजले नाही.

दमयंती खाडीत शिकली, पाठीला पत्र्याचा डबा बांधून.
"बापानं ढकललं नाही, एवढं नशीब.
ढकललेली माणसं पोहतात हो चांगली,
पण दात आवळून."
म्हणून इथे कुणाला बुडवायचं नाही.
एक पिवळा मग. आधी सांगायचं: एक, दोन, ओतते.
मग खांद्यावर. पुढच्या शनिवारी कानामागे.
डोक्यावर कधी, ते पोर ठरवणार.
ओठ जांभळे दिसले की बाहेर, टॉवेल, केळं,
आज काय शिकली हे विचारायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी रुंजीनं पाण्यात फू केलं
आणि स्वतःच दचकली.
पाचव्या शनिवारी माझ्या खांद्यावर डोकं टेकून उताणी,
कान पाण्यात, नजर वर बाविसाव्या मजल्याच्या चादरींवर.
माझा तळवा तिच्या पाठीखाली होता.
होता, एवढंच. वजन पाण्याकडे होतं.

आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला तेच:
काठावर बसायचं, पाय सोडून,
'ये' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही.
आजोबांचा नातू दर वेळी आधीच उडी घ्यायचा.
दर वेळी त्याला वर घेऊन पुन्हा बसवायची ती,
न रागावता, सहा वेळा, अकरा वेळा.

टॉवेल पिळताना एकदा म्हणाली,
"मला पुलाची नाही भीती.
इथे दहा जोड्या डोळे असतात.
घरातली बादली बघा. वीतभर पाणी पुरतं."

आमच्याकडे बुधवारी पाणी नसतं.
मंगळवारी रात्री दोन बादल्या, एक पिंप, काठोकाठ,
वर्षानुवर्षं. त्याला मी शहाणपण म्हणत आले.
त्या रात्री पिंपावर झाकण, झाकणावर पाटा.
बादल्या ओट्यावर.
न्हाणीच्या दाराला कडी, माझ्या कपाळाच्या उंचीवर.
नवरा म्हणाला, अगं, आता तर ती पोहायला शिकतेय.
म्हटलं, म्हणूनच.

परवा बादली काढली, कडी उघडली,
मग शोधायला वळले आणि परत बघते तर
रुंजी उंबऱ्यावर.
पाय ओल्या फरशीवर पसरलेले,
दोन्ही हात मांडीवर थापट,
पुढे सरकत नाही. माझ्या तोंडाकडे बघतेय.

शब्द एवढासा, पण निघेना.
कारण तिच्या शेजारीच, कपड्यांच्या ढिगाला टेकून,
मला आणखी एक पोरगी बसलेली दिसली
जिला कुणी म्हणालंच नव्हतं.

ये, म्हटलं.
ती आली. पिवळा मग दोन्ही हातांनी उचलला,
"ए... दो..."
आणि सगळा माझ्या डोक्यावर.